चौथ्या खिडकीचे एकसष्ट टक्के

त्या बुधवारी द्राहा झापलेतालोव्हाचा नामदिन, म्हणजे दिनदर्शिकेत तिच्या नावाला नेमून दिलेला दिवस, होता. ओल्शावेकच्या जमीन-नोंदणी कचेरीचे प्रमुख ओल्द्रिख कोप्रिव्हा सकाळी साडेआठला, दारे उघडून अर्धा तास होतो न होतो तोच, तांबड्या कार्नेशनचे एक फूल घेऊन स्वतः चौथ्या खिडकीपाशी आले. त्यांनी फूल दिले, द्राहाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, आरोग्य आणि समाधान चिंतिले, तिने घरून आणलेल्या खसखशीच्या गोड पावांपैकी एक उचलला आणि ओठांवरची साखर पुशीत ते जिना चढून गेले. दुपारी अडीचला त्यांनी तिला वर बोलावले आणि कामावरून कमी केल्याचे पत्र तिच्या पुढ्यात सरकवले. पत्रावर तारीख सोमवारची होती.

ही तारीख ओतीलिया स्मेकालोव्हाने पाहिली. द्राहाला तोवर अक्षरेच दिसत नव्हती. सोमवारी सही आणि बुधवारी फूल! ओतीलियाच्या मस्तकात त्या क्षणी जी ठिणगी पडली ती पुढे विझली नाही. हा वृत्तांत मुख्यतः त्या संतापाचा आहे, आणि तो संताप आदराने सांगण्याजोगा आहे असे वाटते म्हणूनच तो सांगायचा.

ओतीलिया एकसष्ट वर्षांची होती. कचेरीच्या तळमजल्यावर, गार हवेच्या एका खोलीत, शहराच्या आणि भोवतालच्या तेवीस गावांच्या घराशेतांची नोंद बाळगणारे यंत्र होते, आणि त्या यंत्राची ती चौतीस वर्षांची राखणदार. खोलीच्या दाराबाहेर तिच्या निळ्या सपाता असत. बाहेरची पायताणे घालून त्या खोलीत पाऊल टाकण्याची प्राज्ञा प्रत्यक्ष नगराध्यक्षांचीही नव्हती. गाभाऱ्याविषयी पुजाऱ्याला जे वाटते तेच तिला त्या खोलीविषयी वाटे; मात्र ती गप्प बसणारी पुजारीण नव्हती. तिने लग्न केले नाही. बाप लुद्व्हीक स्मेकाल रेल्वेच्या सिग्नल-केबिनमध्ये होता. मुलगी आठ वर्षांची असल्यापासून दुपारचा डबा घेऊन तिथे जायची आणि लोखंडी दांड्यांपाशी हात ठेवून बसलेल्या बापाकडे पाहत राहायची. गाडी यायची असायची. बाप काहीच करीत नसायचा. आणि तरी त्याच्याशी बोलायचे नाही, हे तिला कुणी न सांगता कळले होते. त्या काहीच न करण्यात केवढे काम भरलेले आहे, हे तिच्या अंगात तेव्हापासून मुरले. निदान तिची तरी तशी समजूत होती.

द्राहा त्या दुपारी जिन्यावरून उतरली ती थेट या खोलीपाशी आली. बाहेरची पायताणे काढायचेही तिला सुचले नाही, आणि ओतीलियाने प्रथमच ते चालवून घेतले.

"ओती, मी रिकामी बसते म्हणे," द्राहा म्हणाली. "एकसष्ट टक्के. शंभर मिनिटांतली एकसष्ट मिनिटं मी काही करतच नाही म्हणे."

"कोण म्हणतं?"

"पत्राला जोडलेला कागद म्हणतो. तो कोप्रिव्हा कसला म्हणतोय! तो नुसता कागदाकडे बोट दाखवत होता. म्हणाला, 'बाई, यात माझं काही नाही, हे यंत्रानं मोजलंय.'"

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, साहेब, लोकांसमोर नुसतं बसू नका, नोटिसांची पाकिटं भरा, हा हुकूम तुमचाच ना? मग दिवसाला दोनशे पाकिटं भरते ती कुणी, माझ्या भुतानं? तर म्हणतो, पाकिटं कीबोर्डवर भरली जात नाहीत."

ओतीलियाला हसूही आले आणि हसू आल्याची चीडही आली. पाकिटांची कथा साऱ्या कचेरीला ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी यंत्राला नवी डिस्कची पेटी जोडली गेली. साऱ्या नोंदी त्या पेटीत. खिडकीवर कुणी आपल्या घराचा क्रमांक सांगितला की ती नोंद पेटीतून वर यायची. जुन्या पेटीला चार सेकंद लागत. नवी, चकचकीत, हिरव्या दिव्यांची पेटी दीड मिनिट घेऊ लागली. खिडकीपुढचा म्हातारा उभा, खिडकीमागची बाई बसलेली, आणि दोघांच्या मधे पडद्यावर ते लहानसे चक्र फिरते आहे. लोक चिडले, तक्रारी आल्या: बाया नुसत्या बसून असतात. कोप्रिव्हांनी पेटीकडे पाहिले नाही. त्यांनी बायांच्या हाती पाकिटे दिली. आता बाया गुंतलेल्या दिसत. म्हातारे तितकाच वेळ उभे असत, पण तक्रार करायला त्यांना तोंड राहिले नाही.

"दाखव तो कागद," ओतीलिया म्हणाली.

द्राहाने घडी उलगडली. ओतीलियाने चष्मा चढवला, आणि पहिल्या ओळीपाशीच तिची नजर थबकली. डावीकडे खिडकीचा क्रमांक, मग दोन रकाने, 'काम' आणि 'रिकामे', आणि खाली बारीक ठिपक्यांची रेघ. ती रेघ तिनेच मारली होती. हा मोजणीचा प्रोग्राम पाच वर्षांपूर्वी तिने स्वतः एका शुक्रवारी लिहिला होता. कोणत्या खिडकीवर गर्दी पडते ते कळावे आणि जास्तीचा संगणक तिथे ठेवावा, एवढ्याचसाठी. कीबोर्डला हात लागला तर काम. वीस सेकंद लागला नाही तर रिकामे.

"काय झालं?" द्राहाने विचारले.

"काही नाही. कागद माझ्याकडे राहू दे."

खरे ते सांगायचे धैर्य तिला त्या दिवशी झाले नाही. माणूस स्वतःवर रागावला की त्याला दुसरा कुणीतरी तातडीने हवा असतो. आणि हवा तो दुसरा तिच्या समोरच, हिरवे दिवे लुकलुकवीत, भिंतीशी उभा होता.

पेटी पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस होता इंजिनिअर हानुश विद्लार. पन्नाशीचा, मऊ आवाजाचा, येताना प्रत्येक वेळी सगळ्यांसाठी वेफर बिस्किटांचा डबा आणणारा. पेटी मंद आहे असे ओतीलियाने दोन वर्षांत अकरा वेळा लेखी कळवले होते. अकराही वेळा विद्लारने तोच आलेख काढून दिला होता: डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ, एक टक्का. आलेख खोटा नव्हता. यंत्र स्वतःच तो आकडा सांगत होते, आणि ओतीलिया यंत्राला खोटे म्हणणारी बाई नव्हती. गुरुवारी सकाळी, कचेरी लोकांसाठी बंद असते त्या दिवशी, ती सपाता घालून आत गेली आणि तिने प्रथमच वेगळा प्रश्न विचारला. वाट किती, हा नव्हे. वाट मोजतो कोण, आणि कुठे उभा राहून?

संगणकाच्या अंतर्यामी एक नियंता असतो. कोणत्या कामाने कोणत्या प्रोसेसरवर किती वेळ बसावे हे तो ठरवतो. त्याला शेड्यूलर म्हणतात. सेकंदाला शेकडो वेळा तो प्रत्येक प्रोसेसरपाशी डोकावतो आणि त्या निमिषाची नोंद करतो. प्रोसेसर एखाद्या कामात असेल तर 'व्यस्त'. मोकळा असेल, पण त्याच्यापासून उठून गेलेले एखादे काम डिस्कच्या उत्तरासाठी निजून राहिले असेल, तर 'डिस्कची वाट'. मोकळा असेल आणि कुणाची वाटही नसेल, तर 'रिकामा'. आपल्या नैयायिकांनी अभावालाही पदार्थांच्या पंक्तीत बसवले, जमिनीवर घट नसणे हेही एक असणेच मानले. या नियंत्याचा मधला रकाना तसाच सूक्ष्म विचार करून आखलेला आहे. पण त्यात एक व्यंग आहे. तो रकाना भरतो तो फक्त प्रोसेसर मोकळा असला तरच. तिथे दुसरे कोणतेही भलते काम आणून बसवले की नियंता 'व्यस्त' लिहितो आणि पुढे जातो. वाट पाहणारे काम निजलेले ते निजलेलेच असते, त्याच्या प्रतीक्षेतले एक पळही कमी झालेले नसते. फक्त ते पळ आता कुठेच लिहिले जात नाही.

ओतीलियाने आठही प्रोसेसरांवर काय बसले आहे ते पाहिले. आठही ठिकाणी एकच प्रोग्राम होता: विद्लारने पेटीबरोबर घालून दिलेला, जुन्या नकाशांच्या प्रती दाबून लहान करणारा. सर्वांत खालच्या दर्जाचा, दुसरे काही नसेल तेव्हाच चालणारा, म्हणून निरुपद्रवी. ती त्याच्या आत शिरली. तो चाळीस नकाशे दाबून लहान करीत होता, मग ते उलगडीत होता, मग तेच चाळीस पुन्हा दाबीत होता. दोन वर्षे. कुठेही काही साठवीत नव्हता, कुणाला काही देत नव्हता. मोकळा क्षण दिसला की तो तिथे जाऊन बसे, एवढेच त्याचे कार्य.

ओतीलिया खुर्चीवरून उठली. त्या गार खोलीत तिला उकडू लागले. "पाकिटं," ती मोठ्याने म्हणाली. "मेल्यानं प्रोसेसरांनासुद्धा पाकिटं भरायला बसवलंय!"

शुक्रवारी तिने कोप्रिव्हा आणि विद्लार दोघांनाही खाली बोलावले. कोप्रिव्हांनी बूट काढले. पायमोज्याला अंगठ्यापाशी भोक होते, ते त्यांनी दुसऱ्या पायाखाली लपवले. विद्लारने डबा टेबलावर ठेवला.

"तो डबा उचला," ओतीलिया म्हणाली. "आणि इकडे बघा. साहेब, हा आकडा किती?"

"एक टक्का," कोप्रिव्हा म्हणाले. "हा तर आम्हाला पाठ आहे, बाई."

"आता मी यांचा नकाशांचा प्रोग्राम थांबवते. वर, पहिल्या खिडकीवर, झुझाना जुन्या नोंदी तपासतेय, ती तपासू दे. आता बघा."

आकडा हलला. चाळीस, पंचावन्न, आणि अडुसष्टावर येऊन स्थिरावला. ओतीलिया हात बांधून उभी राहिली. चौतीस वर्षांत इतके स्वच्छ उत्तर तिला क्वचितच मिळाले होते.

कोप्रिव्हांच्या कपाळावर आठी पडली. "अहो, हे काय करून ठेवलंत?"

"काय केलं?"

"एक होता, त्याचे अडुसष्ट झाले!"

"झाले नाहीत, साहेब. दिसले. होते ते आधीपासून."

"तुम्ही हात लावायच्या आधी एक होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. हात लावलात आणि अडुसष्ट झाले. मग बिघडवलं कुणी?"

विद्लार मान तिरपी करून, एखाद्या आजाऱ्याविषयी बोलावे तसा हळुवारपणे म्हणाला, "चालत्या यंत्रात असा हात घालणं आम्ही कधीच सुचवत नाही. बाईंचा हेतू चांगला असेल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही."

"माझ्या हेतूचं सोडा," ती उसळली. "त्या चाळीस नकाशांचं बोला. तेच चाळीस, दोन वर्षं, पुन्हा पुन्हा! कुणाला हवेत ते?"

"ती एक आगाऊ तयारी असते."

"कशाची?"

"गरज पडली तर."

"साहेब, ऐका. तुम्ही बायांना पाकिटं दिलीत, बरोबर? आता बाई पाकीट भरताना दिसते. पण म्हातारा खिडकीपुढे तेवढाच उभा असतो ना? तुम्ही नुसतं बाईकडं बघून 'कामात आहे' असं लिहिलंत, तर म्हाताऱ्याचं उभं राहणं कुठं लिहिलं जाईल? या माणसानं आतमध्ये हेच केलंय. वाट बघणं कमी केलं नाही. वाट बघणं दिसणार नाही अशी सोय केली."

कोप्रिव्हांनी बराच वेळ आकड्याकडे पाहिले. त्यांना समजले नाही असे नव्हे. समजल्याची एक पुसट छाया त्यांच्या चेहऱ्यावरून गेली हे ओतीलियाने पाहिले, आणि पुढे तिला सर्वांत अधिक चीड आली ती त्या छायेची. पेटीच्या खरेदीवर सही त्यांचीच होती.

"तो प्रोग्राम पुन्हा चालू करा," ते म्हणाले. "एक टक्का बरा आहे."

"ताप चढला की थर्मामीटर बर्फात घालायचा, असंच ना?"

"स्मेकालोव्हाबाई, तुम्हाला निवृत्तीला दीड वर्ष आहे. ते शांतपणे काढा." ते बुटांकडे वळले. "आणि झापलेतालोव्हाबाईंच्या पत्राचा या पेटीशी काही संबंध नाही. ते त्यांच्या कामाच्या मोजणीवरून दिलंय. ती मोजणी तर तुमचीच आहे, नाही का?"

हा घाव त्यांनी सहज घातला आणि ते निघून गेले. विद्लार डबा विसरला, की मुद्दाम ठेवून गेला, कोण जाणे. ओतीलियाने तो उचलून बाहेरच्या कचरापेटीत टाकला. डबा बंदच होता आणि बिस्किटे चांगली होती. अन्न टाकण्याचे पाप तिने आयुष्यात प्रथमच केले.

शनिवारी ती द्राहाच्या बागेत गेली. गावाबाहेर, नदीच्या उतारावर, सगळ्यांच्याच असतात तशी द्राहाचीही एक चिमुकली बाग होती: एक लाकडी खोपटे, तीन आलुबुखाराची झाडे, एक आंबट चेरीचे. द्राहा पायऱ्यांवर बसून चेरीतल्या बिया काढत होती. कोपरापर्यंत तांबडी झालेली. पायरीवर एका लोणच्याच्या बरणीत ते कार्नेशन होते.

"ते अजून ठेवलंयस?" ओतीलिया म्हणाली.

"फुलानं काय केलंय? बस. ही घे केसात घालायची पिन, आणि बिया काढ. रिकामी बसू नकोस, नाहीतर एकसष्ट टक्के लावतील."

दोघी बराच वेळ बिया काढत राहिल्या. द्राहा चोपन्न वर्षांची होती. नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला. गावातला काचेचा कारखाना त्याच्याही आधी बंद पडला. या वयात ओल्शावेकमध्ये तिला दुसरीकडे कुणी ठेवून घेणार नव्हते, हे दोघींना ठाऊक होते, म्हणून त्यावर कुणी बोलले नाही.

"द्राहा, तो मोजणीचा प्रोग्राम मी लिहिलाय."

द्राहाची पिन थांबली.

"कुठला?"

"ज्यानं तुला एकसष्ट टक्के रिकामी ठरवलं, तो. पाच वर्षांपूर्वी. गर्दी मोजायला लिहिला होता. कीबोर्डला वीस सेकंद हात लागला नाही की रिकामी, असं मी त्यात घातलं. त्या वेळी नोंद चार सेकंदांत यायची. त्यामुळं कधी आड आलं नाही. नवी पेटी आली, नोंदीला दीड मिनिट लागू लागलं, आणि मी... मी तो बदलला नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही."

द्राहाने चेरीचे भांडे बाजूला ठेवले. "म्हणजे मी त्या चक्राकडं बघत बसायचे, म्हातारा मला शिव्या द्यायचा, मी त्याला म्हणायचे, 'आलंच हं आजोबा, आलंच', आणि तेवढ्यात तुझा प्रोग्राम लिहीत होता, द्राहा रिकामी?"

"हो."

"दोन वर्षं?"

"हो."

"आणि बुधवारी मी कागद दाखवला तेव्हा तुला कळलं होतं!"

ओतीलियाने हातातली पिन पायरीवर ठेवली.

"अगं, तुझ्या बापाच्या गोष्टी तू मला किती वेळा सांगितल्यास! केबिनमध्ये बसायचा, हात दांडीवर, गाडी येईपर्यंत. त्याच्या वहीत तीन रकाने होते म्हणायचीस. काम, प्रतीक्षा, विश्रांती. आणि कुणी तपासणीला आलं तर प्रतीक्षेला विश्रांती म्हणू द्यायचा नाही म्हणायचीस. तुझ्या वहीत किती रकाने होते गं?"

"दोन."

"मग जा," द्राहा म्हणाली. "बापाला तरी तोंड दाखव जा. माझ्याकडं काय बघतेस? त्या मेल्यांचा राग मला कमी आहे. त्यांच्याकडून मला काय अपेक्षा होती? तुझ्याकडून होती."

ओतीलिया उठली. तिचे हात तांबडे झाले होते, आणि ते धुवायला मागण्याचे धाडस तिला झाले नाही. उतारावरून जाताना मागून हाक येईल असे तिला वाटत राहिले. आली नाही.

रविवारी ती कचेरीत बसून होती. बाहेर चर्चची घंटा वाजली, बाजूच्या घरातून तळलेल्या मांसाचा वास आला, लोक जेवले, झोपले, फिरायला निघाले. विद्लारने प्रोसेसरांवर घातलेल्या पाकिटांशी तिला काही कर्तव्य उरले नव्हते. तिने मोजणाऱ्याची जागाच बदलली. प्रोसेसरपाशी उभे राहून विचारायचे नाही की तू मोकळा आहेस काय. प्रत्येक मागणीपाशी उभे राहून विचारायचे: तू निघालीस कधी, पोचलीस कधी, आणि मधे किती वेळ पेटीच्या दाराशी ताटकळलीस? यंत्र प्रत्येक मागणीची सुटण्याची आणि पोचण्याची वेळ जपून ठेवते; ती पाने कुणी कधी उघडली नव्हती. तिने तीन महिन्यांची पाने उघडली. चौथ्या खिडकीचे एकसष्ट टक्के तिने एकेका सेकंदाने उसवले. त्यांतले पंचावन्न पेटीच्या दाराशी ताटकळण्याचे निघाले. उरलेले सहा टक्के कॉफीचा ग्लास, नाक पुसणे आणि खिडकीबाहेर एकदा पाहणे यांचे.

मग तिने मोजणीच्या प्रोग्रामात 'प्रतीक्षा' असा तिसरा रकाना आखला, आणि एक सूचना लिहिली.

कचेरीच्या दाराशी, रस्त्याकडे तोंड करून, काचेचे एक कपाट आहे. सरकारी सूचना त्यात लागतात. जी सूचना तिथे पंधरा दिवस लागली ती साऱ्या शहराने वाचली असे कायद्याने धरले जाते, आणि शहरही इमानाने वाचते. भाजी घेऊन जाणाऱ्या बाया, कुत्र्याला फिरवणारे म्हातारे, बसची वाट पाहणारे, सगळे तिथे थबकतात. कुणाचे कुंपण कुठे सरकले, कुणाच्या घरावर जप्ती आली, सारे त्या काचेमागे. यंत्रातल्या दोषाची सूचना लावण्याचा अधिकार यंत्राच्या राखणदाराचा आहे. कपाटाची किल्ली तिच्याच जुडग्यात होती. चौतीस वर्षांत तिने ती बहुधा 'बुधवारी दोन तास यंत्र बंद राहील' एवढ्यासाठीच वापरली होती.

सोमवारी सकाळी साडेसातला, लोकांची रांग लागण्यापूर्वी, तिने कागद लावला, खाली गोल शिक्का मारला आणि कपाटाला कुलूप घातले.

सूचनेत लिहिले होते: "या कचेरीत कर्मचाऱ्यांचा रिकामा वेळ मोजणारा प्रोग्राम सदोष आहे. डिस्कच्या पेटीकडून नोंद येईपर्यंत वाट पाहण्यात गेलेला वेळ तो रिकामा म्हणून धरतो. चौथ्या खिडकीवर दाखवलेल्या एकसष्ट टक्क्यांपैकी पंचावन्न टक्के वेळ अशी वाट पाहण्यात गेला आहे. तेवढाच वेळ खिडकीपुढील नागरिकही उभे होते. हा दोष माझा आहे. प्रोग्राम मी लिहिला आणि दोन वर्षे दुरुस्त केला नाही. — ओतीलिया स्मेकालोव्हा."

सव्वाआठला कोप्रिव्हा जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. दारात वीस-पंचवीस माणसे होती, आणि त्यांतली निम्मी काचेला नाक लावून वाचत होती.

"हा कागद आत्ताच्या आत्ता खाली!"

"पंधरा दिवसांनी, साहेब," ओतीलिया म्हणाली.

"मी सांगतोय ना!"

"तुम्ही सांगताय. कायदा पंधरा दिवस सांगतो. ही घ्या किल्ली, तुम्ही काढा. पण मुदतीआधी सूचना काढली तर का काढली त्याची सूचना त्याच जागी लावावी लागते, सहीसकट. सही तुमची लागेल. तारीख नीट घाला. तुमची सही फुलाच्या आधी धावते."

रांगेतली एक बाई हसली. एक उंच म्हातारा, बगलेत कागदांची पिशवी धरलेला, मोठ्याने वाचू लागला, "तेवढाच वेळ नागरिकही उभे होते..." आणि कोप्रिव्हांकडे वळून म्हणाला, "म्हणजे आम्हीपण पंचावन्न टक्के? मग मला तुम्ही कामावरून काढणार कुठून हो? मी तर पेन्शनीत आहे!"

आता सगळेच हसले. कोप्रिव्हा हसले नाहीत. किल्ली पुढे धरलेल्या ओतीलियाच्या हाताकडे त्यांनी पाहिले. त्या हातावर चेरीचे डाग अजून होते. ते किल्ली न घेताच वर गेले.

बुधवारी द्राहाला दोन ओळींचे नवे पत्र मिळाले: आधीचे पत्र 'मोजणीच्या फेरतपासणीपर्यंत' स्थगित. माफीचा शब्द नव्हता. ओतीलियाला एका पानाचे मिळाले: अधिकाराचा गैरवापर, वैयक्तिक दप्तरात नोंद. चौतीस वर्षांच्या त्या दप्तरातली ही पहिली काळी ओळ. विद्लारच्या कंपनीने कळवले की परवानगीवाचून प्रोग्राम थांबवल्यामुळे पेटीची हमी आता लागू नाही. पेटी भिंतीशी तशीच हिरवे दिवे लुकलुकवीत राहिली. ओतीलियाने ते पत्र वाचले, चार घड्या केल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारले.

दहाच्या सुमाराला ती वर चौथ्या खिडकीपाशी गेली. द्राहा शनिवारनंतर तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आताही तिने मान वर केली नाही. पायाने शेजारचे स्टूल तेवढे ओतीलियाकडे ढकलले.

"बस," ती म्हणाली. "बघ एकदा इथून."

ओतीलिया बसली. पुढे तोच उंच म्हातारा होता. त्याला आपल्या आलुबुखाराच्या बागेची हद्द हवी होती. द्राहाने क्रमांक घातला. चक्र फिरू लागले. पाकिटांचा ढीग बाजूला होता. द्राहाने त्याला हात लावला नाही. तिने हात कीबोर्डपाशी ठेवले, नजर पडद्यावर ठेवली आणि ती तशीच राहिली. वीस सेकंद. चाळीस. म्हाताऱ्याने पाय बदलला. साठ. ओतीलियाला आपल्या मांडीवरचे हात कुठे ठेवावेत ते कळेना. तिच्या तळमजल्यावरच्या खोलीत दीड मिनिट हा एक आकडा होता. इथे तो एका माणसाच्या रूपाने, श्वास घेत उभा होता. ऐंशी. पडद्याच्या कोपऱ्यात तिने रविवारी आखलेला नवा रकाना हलकेच भरत चालला होता, आणि तो भरताना पाहून तिला समाधान वाटले नाही. नव्याने संताप आला, पेटीवर, कोप्रिव्हांवर, आणि हा रकाना दोन वर्षे न आखणाऱ्या स्वतःच्या हातांवर.

"काय गं," द्राहा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "लांब वाटतं ना?"

"फार."

"रोज दीडशे वेळा," द्राहा म्हणाली. मग म्हाताऱ्याला म्हणाली, "आलंच हं आजोबा. आलंच."